भिडस्त पात्र रंगवायचंय: थेट विशेषण की अंग चोरून बसणं?

कथेत एक गरीब स्वभावाचं कॅरेक्टर आहे, त्याला सरळ 'भिडस्त' म्हणू की त्याच्या वागण्यातून दाखवू, असं एकीने विचारलंय.

जागेचा विचार केला तर विशेषण स्वस्त, एका शब्दात काम होतं. 'तो मान खाली घालून, शर्टाचं बटण चाळवत, अर्धंच वाक्य बोलून थांबला' याला अख्खी ओळ जाते.

पण नेमकेपणात गंमत आहे. मवाळ, बुजरा, भिडस्त, सोशिक, दबलेला हे आपण सरसकट वापरतो पण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, बुजरा अनोळखी लोकांत गप्प होतो, भिडस्ताला नाही म्हणता येत नाही, सोशिक माणूस सगळं समजून गिळतो आणि दबलेल्याला कुणीतरी दाबलेलं असतं. म्हणजे शब्द चुकला की माणूसच बदलतो! ('गरीब गाय' तर प्लीज नको, घासून गुळगुळीत झालंय.) कृतीचा प्रॉब्लेम उलटा, मान खाली घालणारा लाजाळू आहे, घाबरलाय की खोटं बोलतोय हे संदर्भ नसेल तर कळत नाही.

टिकण्यात मात्र कृतीच भारी. तिसऱ्यांदा 'भिडस्त' आलं की वाचक कंटाळतो, उसने दिलेले पैसे मागताना आधी स्वतःच सॉरी म्हणणारा माणूस लक्षात राहतो.

तर दोन-चार ओळींपुरतं पात्र असेल किंवा लघुकथेत शब्दमर्यादा असेल तर एकच अचूक विशेषण घ्या, मुख्य पात्र असेल तर कृती आणि संवाद, विशेषण फारतर दुसऱ्या पात्राच्या तोंडी टाका.