उन्हाळी कोर्स, आठ महिन्यांनी: शिकवणं झकास, कागद रखडलेला

जूनमध्ये लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. ऑक्टोबरात एक, तोही दातओठ खात. आता फेब्रुवारी आहे, विद्यापीठांचे अर्ज जाऊन बसलेत, डोकं जरा थंड झालंय, म्हणून तीन. परीक्षण आहे कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात) शाळकरी मुलांनी सुट्टीत घ्यायच्या कोर्सचं, आणि विद्यापीठांच्या चुरशीच्या प्रवेशात तो किती कामाला येतो याचं. युनिट म्हणजे कोर्सचा आकार मोजायचं माप, एपी म्हणजे शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी.

आधी पैसे, कारण तिथेच हा पर्याय बाजी मारतो. राज्याचा दर युनिटमागे ४६ डॉलर, आणि शाळेत शिकणाऱ्यांना ११ युनिटपर्यंत तोही साधारणपणे माफ. पुस्तक आणि गृहपाठाच्या साइटचा ॲक्सेस कोड मात्र खिशातून. कोड घेण्याआधी प्राध्यापकाला विचारा. पहिले दोन आठवडे बरेचदा फुकट चालतात. आता दुसरं टोक बघा: नामवंत विद्यापीठाच्या आवारातलं दोन आठवड्यांचं प्री-कॉलेज शिबिर. समजा पाच हजार डॉलर भरले. कॉमन ॲपमध्ये (अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात) एका उपक्रमाच्या वर्णनाला जागा १५० अक्षरांची. म्हणजे अक्षराला ३३ डॉलर पडले, स्वल्पविरामाचेसुद्धा. त्यातल्या बऱ्याच शिबिरांना ना ग्रेड असते ना क्रेडिट. आरएसआय या शाळकरी मुलांच्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाची गोष्ट निराळी. १९८४ पासून चालणारा तो कार्यक्रम फुकट आहे आणि त्यात शिरणंच महाकठीण, त्यामुळे त्याचं वजन निवडीतून येतं. जिथे पैसे भरले की जागा मिळते, तिथे ते वजन येणार कुठून?

कामाचा बोजा लोक कमी धरतात. एका युनिटला साधारण १८ तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास. तीन युनिटचा कोर्स सहा आठवड्यांत कोंबला की आठवड्याला ९ तास वर्ग, १८ तास अभ्यास, एकूण २७. पाच युनिटचं कॅल्क्युलस घेतलं तर तोच हिशोब ४५ तासांवर जातो. ती पूर्णवेळ नोकरी झाली. त्यात आठवडाभर सहल काढली की सत्राचा सहावा हिस्सा बुडाला. डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) न लागता नाव काढायची मुदत पहिल्या काही दिवसांतच संपते, म्हणजे पहिली चाचणी हातात पडायच्या आत. नियमित सत्रात दोन-तीन आठवडे अंदाज घेता येतो, इथे ती सोय नाही. म्हणून शक्य असेल तर आठ आठवड्यांचा वर्ग शोधा.

नोंदणीची रांग: सीसीसी अप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या साइटवर खातं, मग पालक आणि शाळा दोघांच्या सहीचा फॉर्म, तोही दर सत्राला नव्याने. शाळेचे समुपदेशक जूनमध्ये सुट्टीवर जातात, त्यामुळे सही एप्रिलमध्येच घ्या. नोंदणीत शाळकरी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. इंग्रजी, मानसशास्त्र, संख्याशास्त्र हे वर्ग तोवर भरलेले असतात. प्रतीक्षायादीत असाल तरी पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. न आलेल्यांना काढून तिथेच जागा देतात.

आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजने पाठवायचं अधिकृत ग्रेडपत्रक. या एका कागदाने ऑक्टोबरात साडेतीन तारे खाल्ले.

ऑर्डर करताना पानाच्या तळाशी एक चिमुकला चौकोन असतो: ग्रेड लागल्यावरच पाठवा. तो टिचकवला नाही तर सत्र संपल्या दिवशी मागवलेली ट्रान्सक्रिप्ट त्याच दिवशी निघते आणि कोर्ससमोर ग्रेडची जागा कोरी. कॉलेजच्या लेखी काम झालेलं: पाठवली, पोचली, हिरवी खूण. कोरी गेल्याचं कळलं ऑक्टोबरात. पहिल्या दोन प्रती फुकट असतात, त्यातली एक त्या कोऱ्या कागदावर गेली. रक्कम किरकोळ आहे, पण राग किरकोळ नाही. खिडकीवर सांगण्यात आलं की चौकोन विद्यार्थ्याने वाचायला हवा होता. बरं, पालकाने फोन करावा तर बोलतच नाहीत. ते मात्र नियमाला धरून आहे: १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या नोंदींचे हक्क विद्यार्थ्याचे, मग तो पंधरा वर्षांचा का असेना. फोन मुलांनीच करायचा, किंवा आधी संमतीपत्र भरून ठेवायचं.

आपल्या लोकांसाठी खास खाचखळगा नावाचा. कॉलेजच्या खात्यात मधलं नाव म्हणून वडिलांचं पूर्ण नाव, शाळेत फक्त आद्याक्षर, कॉमन ॲपमध्ये रकाना रिकामा. जन्मतारीख जुळली तरी कागद जुळत नाही आणि अर्जाच्या पोर्टलवर महिनाभर ‘मिळाली नाही’ दिसत राहतं. तिन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं लिहा.

इथे माझं ऑक्टोबरातलं, एका ताऱ्याचं मत सुधारायला हवं. यूसीच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) अर्जाबरोबर ट्रान्सक्रिप्ट लागतच नाही. ग्रेड स्वतः भरायच्या, अधिकृत प्रत प्रवेश स्वीकारल्यावर १ जुलैपर्यंत. म्हणजे ऑक्टोबरचा सगळा थयथयाट खासगी विद्यापीठांपुरता होता. भरताना मात्र प्रत्येक कोर्स लिहायचा, डब्ल्यू आणि वाईट ग्रेडसुद्धा. लपवलेलं नंतर उघड झालं तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

यूसीत या कोर्सचा फायदा स्पष्ट मोजता येतो. जीपीएत नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेड धरतात. यूसीत हस्तांतर होणाऱ्या, म्हणजे यूसी ज्याचे युनिट मान्य करतं अशा, कॉलेज कोर्सला एपीसारखा जादा गुण मिळतो. मर्यादा एकूण आठ सेमिस्टरची, त्यात दहावीच्या जास्तीत जास्त चार. कोर्स हस्तांतर होतो का ते असिस्ट डॉट ओआरजीवर पाहता येतं. शाळेतल्या एपीनेच आठ भरले असतील तर उन्हाळ्याने जादा गुणांत काहीच भर पडत नाही. हे आधी मोजा, नावनोंदणी मग.

खासगीकडे इतका सरळ हिशोब नाही. विद्यापीठं कॉमन डेटा सेट नावाची माहितीपत्रकं प्रसिद्ध करतात, त्यातला सी७ तक्ता, म्हणजे प्रवेशात कशाला किती महत्त्व ते सांगणारा, काढून बघा. अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, जीपीए, निबंध, शिफारसपत्रं, अगदी नोकरीच्या अनुभवालाही ओळ आहे. उन्हाळी कोर्सला नाही. तो मोजला गेलाच तर काठिण्यपातळीच्या ओळीत, आणि ती ठरते शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं काय घेतलं यावर. शाळेत एपी केमिस्ट्री असताना ती टाळून सुट्टीत सोपा पर्याय घेतला तर समुपदेशकाच्या अहवालाशेजारी ते उलटच दिसतं.

खरा उपयोग गणिताच्या शिडीत. नववीला अल्जिब्रा १ असलेलं मूल भूमिती, अल्जिब्रा २ करत बारावीला प्रीकॅल्क्युलसवर थांबतं. मधली एक पायरी उन्हाळ्यात चढली की बारावीत कॅल्क्युलस बसतं, आणि इंजिनिअरिंगच्या अर्जात ते दिसतं. पण पायरी मान्य असल्याचं शाळेकडून आधी लेखी घ्या, नाहीतर सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच वर्गात बसवतात. भूमितीची सुट्टीत घाई केली तर सिद्धता कच्च्या राहतात. त्यापेक्षा प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात घेतलेलं बरं, कारण त्यातला बराच भाग अल्जिब्रा २ ची उजळणीच असतो. शाळेत जो विषयच नाही, तो कॉलेजात घेणं हा दुसरा चांगला उपयोग. फक्त शोभेला घेतलेल्या ‘समाजशास्त्राची ओळख’पेक्षा दुकानात पगारी काम केलेलं मूल अर्जात जास्त ठसठशीत दिसतं, असं आपलं माझं मत.

आणि ही ग्रेड पुसली जात नाही. पुढे मेडिकलला अर्ज केला तर एएमसीएएस (मेडिकल कॉलेजांची सामायिक अर्जसेवा) शाळेत असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सचीही ट्रान्सक्रिप्ट मागतं. म्हणजे सहा-सात वर्षांनी पुन्हा तेच पान, तोच चौकोन. शाळेचा ईमेल तोवर बंद झालेला असतो, तेव्हा खातं पहिल्याच दिवशी खासगी ईमेलवर उघडा.