शुड, मस्ट, हॅड बेटर आणि मंडळी : रोजच्या कामात वापरून झाल्यावर

हा ॲपचा किंवा क्लासचा रिव्ह्यू नाही. शुड, ऑट टू, मस्ट, हॅव टू, हॅड बेटर आणि 'शुड हॅव', 'कुड हॅव' ही त्यांची भूतकाळातली भावंडं, अशी इंग्रजीची मोडल क्रियापदं वर्ष होत आलं मी कामात दिवसभर वापरतेय. त्यांच्याबद्दल लिहायचंय. सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना जाणारी उत्तरं मी तपासते. टीममधली मंडळी मसुदा लिहितात, तो माझ्या नजरेखालून पुढे जातो. ग्राहक देशोदेशीचे, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यामुळे सूर जरा चुकला तर 'त्याला तसं म्हणायचं नसेल' असं समजून घेणारं कुणी नसतं.

व्याकरणाच्या तासाला या क्रियापदांची एक शिडी शिकवतात. खाली शुड, मग ऑट टू, मग हॅड बेटर, सगळ्यात वर मस्ट. सल्ल्यात जितका जोर हवा तितक्या पायऱ्या चढायच्या. परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला ही शिडी पुरते, कामात पहिल्या आठवड्यातच ती डगमगायला लागते. एकाच जोराची दोन वाक्यं एका ग्राहकाला चालतात, दुसऱ्याला झोंबतात. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मसुदा वाचताना मी जोर बघतच नाही. दडपण कुणाकडून येतंय आणि ऐकलं नाही तर निस्तरायचं कुणी, एवढंच बघते. शब्द त्यावरून ठरतो.

मस्टपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त खोडाखोड त्याचीच होते. 'यू मस्ट अपडेट द ॲप बिफोर फ्रायडे' असं एका मसुद्यात होतं आणि मी रजेवर असताना ते तसंच गेलं. ग्राहकाच्या उत्तरात अपडेटबद्दल अवाक्षर नाही, फक्त 'इज दॅट ॲन ऑर्डर?' मस्टमध्ये दडपण बोलणाऱ्याकडून येतं. मी सांगतोय म्हणून तू कर. तेच 'यू विल हॅव टू अपडेट बिफोर फ्रायडे, द ओल्ड सर्व्हर इज शटिंग डाउन' असं लिहिलं की दडपण सर्व्हरवर जातं आणि आपण ग्राहकाच्या बाजूला येऊन उभे राहतो. काम तेवढंच, तारीखही तीच. हॅव टूला माझ्याकडून पाचपैकी पाच. नियम, मुदत, यंत्राची मर्यादा, काहीही अंगावर न घेता सांगता येतं. नीड टू त्याचाच जरा मवाळ भाऊ, तोही चांगला चालतो.

अर्थात मस्ट सरसकट उद्धट नाही. ऐकणाऱ्याचा फायदा असेल तेव्हा तोच शब्द एकदम मोकळा होतो. 'यू मस्ट ट्राय द न्यू सर्च' यात हुकूम कुणालाच वाटत नाही. आपणही 'तुम्ही यायलाच पाहिजे हं' म्हणतो ते आग्रहाने, धाक घालायला नाही. ग्राहकाकडून काही करून घ्यायचं असेल तर मस्ट टाळा आणि काही द्यायचं असेल तर बिनधास्त वापरा, एवढं मी टीमला सांगून ठेवलंय.

मस्टबद्दलची माझी नापसंती एकटीची नाही. १९६१ सालचं आणि १९९१-९२ चं ब्रिटिश व अमेरिकी लेखी इंग्रजी अभ्यासकांनी शेजारी ठेवून मोजलं, तेव्हा मस्ट, शॅल आणि ऑट टू या तिघांचा वापर चांगलाच घसरलेला दिसला. त्याच काळात नीड टू जोरात वर आलं. शाळेतली शिडी मात्र अजून मस्टलाच वरच्या पायरीवर बसवते.

मस्टची दुसरी अडचण म्हणजे त्याला भूतकाळ नाही. कारण तो मुळात भूतकाळच आहे. जुन्या इंग्रजीत 'मोत' वर्तमानाचं रूप आणि 'मोस्ते' भूतकाळाचं. मूळ रूप गळून पडलं आणि भूतकाळाच्या रूपावर वर्तमानाचं काम येऊन पडलं. शुडही तसाच, शॅलचा भूतकाळ, आणि ऑट हा 'ओ' (देणं असणं) या क्रियापदाचा. शॅल आणि ऑट या दोघांच्याही इतिहासात देणं लागण्याचा अर्थ आहे. 'पैसे देणं लागतो' आणि 'जावं लागतं' यांत आपण एकच लागणं वापरतो, त्यामुळे मराठी माणसाला हे ऐकून फारसं नवल वाटत नाही.

या नसलेल्या भूतकाळामुळे आमच्या मसुद्यांत एक चूक हमखास येते. 'मला त्याला कळवायलाच हवं होतं' हे म्हणायला लोक 'आय मस्ट हॅव इन्फॉर्म्ड हिम' लिहितात. शुड हॅव जर साध्या हळहळीला, तर मस्ट हॅव जास्त हळहळीला, असा शिडीवरचा हिशेब. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो 'मी त्याला कळवलं असणार'. म्हणजे माफी मागायच्या जागी आपण कळवल्याचा अंदाज ठोकतो. तक्रार करणारा ग्राहक ते वाचून आणखी चिडतो आणि त्याचं काही चुकत नाही. कळवावं लागलं असेल तर 'हॅड टू', कळवायचं राहिलं असेल तर 'शुड हॅव'. मस्ट हॅव फक्त अंदाजाला.

नकाराकडे आलं की मराठी घात करते. 'मस्टन्ट' म्हणजे करूच नका, 'डोन्ट हॅव टू' म्हणजे करायची गरज नाही. मनाईला आपल्याकडे 'करू नका' आहे, तिथे गोंधळ नाही. गोंधळ होतो तो 'उद्या यायला नको' अशा वाक्यात. त्याचा अर्थ सुट्टी आहे, खुशाल घरी बसा. पण 'नको' दिसलं की हात मस्टन्टकडे जातो. 'यू मस्टन्ट सेंड द लॉग फाइल अगेन' असं वाचल्यावर ग्राहकाला वाटतं पुन्हा पाठवली तर काहीतरी बिघडेल. आम्हाला सांगायचं असतं, कशाला त्रास घेताय. इथे 'यू डोन्ट हॅव टू' किंवा ब्रिटिश वळणाचं 'यू नीडन्ट'. बोलताना मस्टन्टमधला पहिला ट गिळला जातो, 'मसन्ट' ऐकू येतं. फोनवर नवख्याला तो शब्द कुठला हेच कळत नाही.

हॅड बेटर. पुस्तकांत हा सल्ल्याच्या धड्यात असतो आणि त्यातला बेटर बघून तो गोड वाटतो. आपलं 'निघालेलं बरं' त्याच्या जवळचं, पण आपलं वाक्य प्रेमानेही म्हणता येतं. हॅड बेटरच्या शेपटीला 'नाहीतर बघ' चिकटलेलं असतं. तो सर्वसाधारण सल्ल्याला चालतही नाही. 'रोज व्यायाम करावा' याला शुड, 'पाऊस यायच्या आत निघ' याला हॅड बेटर. हॅड दिसतो भूतकाळाचा आणि गोष्ट चाललेली असते आत्ताची किंवा पुढची. आमच्याकडे एका नवीन मुलाने वरिष्ठ ग्राहकाला 'यू हॅड बेटर टेक अ बॅकअप' असं अतिशय आदराने लिहिलं होतं. सापडलं वेळेत. स्वतःपुरतं मात्र हे झकास आहे. 'आय'ड बेटर चेक' म्हटलं की समोरच्याला कळतं, हा आता खरंच बघायला उठला. ग्राहकासाठी शून्य, स्वतःसाठी पाच.

आता शुड. सौम्य म्हणून त्याची ख्याती, आणि तंत्रज्ञांच्या जगात तर त्याची लेखी व्याख्याच आहे. इंटरनेटची मानकं ज्या दस्तऐवजांत लिहिली जातात त्यांत आरएफसी २११९ हा स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये लिहिलेला छोटासा दस्तऐवज आहे. मस्ट, शुड, मे हे शब्द मानकांत कशासाठी वापरायचे ते त्यात ठरवून दिलंय. मस्ट म्हणजे अट, सुटका नाही. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम नीट समजून आणि तोलून. मे म्हणजे तुमची मर्जी. पुढे साधा शुड दिसला तरी लोक व्याख्येवर बोट ठेवायला लागले, तेव्हा २०१७ च्या आरएफसी ८१७४ मध्ये खुलासा करावा लागला, की हे खास अर्थ शब्द कॅपिटलमध्ये असेल तेव्हाच. एका इंजिनिअरला मी मेलमधला मस्ट काढायला सांगितला तर तो हेच घेऊन बसला. त्याचं म्हणणं, अट आहे तर अटच लिहिणार. मानकात त्याचंच बरोबर. मानक वाचणाऱ्याला कुणी वैयक्तिक सांगत नसतं, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्न येत नाही. मेलमध्ये 'यू' असतो.

या 'यू'मुळेच मेलमधला शुडही म्हणावा तितका सौम्य नाही. 'यू शुड क्लिअर द कॅशे फर्स्ट' म्हणजे हे तुम्हाला आधीच सुचायला हवं होतं, असा वास त्याला येतो, निदान वैतागलेल्या माणसाला तरी. आम्ही आता 'यू माइट वॉन्ट टू' किंवा 'आय'ड क्लिअर द कॅशे फर्स्ट' लिहितो. दुसरं मला जास्त आवडतं. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, एवढंच त्यात येतं आणि ठरवायचं त्यांच्याकडे राहतं.

शुडचा दुसरा उपयोग अपेक्षेचा आणि तो जरा बेरकी आहे. 'इट शुड वर्क नाउ.' लिहिणाऱ्याच्या मनात असतं, मी बदल केलाय, चालवून पाहिलेलं नाही. वाचणाऱ्याला कळतं, झालं दुरुस्त. हे वाक्य मसुद्यात दिसलं की मी एकच विचारते, चालवून पाहिलंस का? पाहिलं असेल तर 'इट वर्क्स नाउ' लिही. नसेल तर आधी पाहा.

खरी मजा हळहळीत आहे. 'शुड हॅव'पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवलं की न झालेली गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहते, आणि 'आय' की 'यू' यावर सगळं फिरतं. 'वी शुड हॅव टोल्ड यू अर्लिअर' हे मी पाहिलेलं सगळ्यात उपयोगी माफीचं वाक्य. 'वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स' हे कुणालाही, कशाबद्दलही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. शुड हॅवमध्ये काय राहिलं ते नाव घेऊन सांगावंच लागतं. तेच 'यू शुड हॅव टोल्ड अस अर्लिअर' केलं की ग्राहक गेला. 'यू कुड हॅव'ने धार जरा कमी होते, तशी शक्यता होती एवढंच. 'यू माइट हॅव टोल्ड मी' दिसायला सगळ्यात नरम आणि बोलताना सगळ्यात खोचक. 'सांगायचं तरी होतंस' मधला सूर तोच. आणि 'यू शुडन्ट हॅव!' नुसतं, पुढे काही न लावता, भेट हातात घेताना म्हणतात. तिथे हळहळ अजिबात नसते.

'नीडन्ट हॅव' फारसं कुणी वापरत नाही, पण मला ते फार नेमकं वाटतं. 'यू नीडन्ट हॅव वेटेड' म्हणजे तुम्ही थांबलात, गरज नव्हती. 'यू डिडन्ट नीड टू वेट' मध्ये तुम्ही थांबलात की नाही ते कळत नाही. ग्राहकाने उगाच दुसऱ्यांदा फॉर्म भरला असेल तेव्हा पहिलं वाक्य त्याच्या कष्टाची दखल घेतं.

शुड हॅव जिथे मी पूर्ण बंद केलं ती जागा म्हणजे बिघाडानंतरचा अहवाल. सिस्टीम बंद पडली की काय घडलं ते लिहायचं, कुणाचं चुकलं ते शोधत बसायचं नाही, अशी या क्षेत्रात आता रीत आहे. पण मसुद्यात येतंच, 'द अलर्ट शुड हॅव बीन चेक्ड.' कर्मणी प्रयोगात आहे, नाव कुणाचंच नाही, तरी त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं ते सगळ्यांना माहीत असतं. शिवाय वाक्य जे घडलं नाही त्याबद्दल बोलतं आणि जे घडलं ते राहूनच जातं. मी ते खोडून विचारत बसले तेव्हा कळलं, तो अलर्ट रोजच्या निरुपयोगी अलर्टांच्या गर्दीत आला होता आणि दिसायला अगदी त्यांच्यासारखाच होता. अहवालात तेच गेलं. 'द अलर्ट लुक्ड लाइक द रूटीन वन्स अँड वॉज नॉट ओपन्ड.' पुढच्या आठवड्यात त्या रोजच्या अलर्टांतले निम्मे बंद केले. शुड हॅव तसंच राहिलं असतं तर ड्यूटीवरच्या माणसाला एक समजपत्र गेलं असतं आणि अलर्ट होते तसेच राहिले असते.

ऑट टूबद्दल लिहायला फारसं काही नाही. अर्थ शुडचाच, थोडी नीतीची छटा, आणि मसुद्यात कुणी घातलाच तर मी काढत नाही. शॅल आमच्याकडे फक्त करारात येतो. तिथेही त्याचे दिवस भरत आलेत. अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यांच्या संघीय नियमांची भाषा २००७ मध्ये सुधारली तेव्हा शॅल काढून जागोजागी मस्ट घातला, कारण शॅल म्हणजे सक्ती की नुसता भविष्यकाळ यावरच वाद व्हायचे. म्हणजे मेलमधून मी जो शब्द हाकलते तोच कायद्यात स्वच्छ म्हणून घेतला जातो. आमचे करार वकील बघतात, त्यांच्या मस्टला मी हात लावत नाही.