लातूरच्या बोअरवर आरओ: 14 महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आम्ही भिंतीवरचं पाणी शुद्ध करण्याचं मशीन घेतलं. आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारं), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ते कमीजास्त करणारा कंट्रोलर, सगळं असलेलं. बसवणीसकट 16,500 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते बाजारातल्या बहुतेक मशीनना लागू पडतं. मशीन चांगलं आहे. पण ते घेतल्यावर घरातलं पाण्याचं दुखणं संपेल असं आम्हाला वाटलं होतं, ते संपलं नाही. ते संपायला आणखी सात महिने लागले आणि त्यात मशीनचा वाटा अर्ध्याहून कमी होता.

आमच्याकडे नळ काही दिवसांच्या अंतराने येतात. नळाचं पाणी अंगणातल्या हौदात पडतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत जातं. ते संपलं की बोअर चालू करायचा, त्याचंही पाणी त्याच टाकीत. म्हणजे स्वयंपाकघरातल्या तोटीला कधी मांजरा धरणाचं पाणी, कधी बोअरचं, बहुतेक वेळा दोन्हीची भेसळ. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाच्या पातेल्याला आतून पांढरं कवच धरतं, केस धुतले की चिकट राहतात. लातूरकरांना हे नव्याने सांगायला नको.

विक्री करणारा मुलगा घरी आला तेव्हा त्याने दोन ग्लासांत पाणी घेतलं, एकात आमचं, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं, आणि दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. मिनिटभरात आमच्या ग्लासात तपकिरी, हिरवट गाळ तयार झाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्याच संध्याकाळी पैसे दिले. पुढे कळलं की तो गाळ पाण्यातला नसतोच. कांडी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचाच गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. क्षार असणं म्हणजे घाण असणं नव्हे. तुमच्या घरी कोणी हा प्रयोग करायला लागलं तर पाहा, पण त्यावरून मशीन घेऊ नका.

पहिले चार महिने आम्ही खूश होतो. पाण्याला चव आली, चहा चांगला व्हायला लागला, पातेली स्वच्छ राहिली. मग पहिला पाऊस झाला आणि जुलैत मुलीचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. मुलगी आठ वर्षांची. माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे 2012 साली दूषित पाण्यातून काविळीची साथ आली तेव्हा आमच्या गल्लीतली माणसं मी आजारी पडलेली पाहिली आहेत, त्यामुळे तो शब्द ऐकला की माझे हातपाय गळतात. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यातून किंवा खाण्यातून आलं असणार. मी म्हटलं, अहो, घरात नवं मशीन आहे. ते म्हणाले, मशीन आहे हे ठीक, पाणी तपासलंय का?

तपासलं नव्हतं. 16,500 रुपये खर्च करताना पाण्यात नेमकं काय आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं.

मुलगी बरी झाल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही एच-टू-एस चाचणीच्या छोट्या बाटल्या आणल्या. पाणी भरून बूच लावायचं आणि घरातल्या उबेत 24 ते 48 तास ठेवायचं. पाणी डांबरासारखं काळं झालं तर विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा संशय धरायचा. आम्ही पाच बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि देवघराच्या खालच्या फळीवर ओळीने ठेवल्या. नळ सुटल्यावरचं पहिलं पाणी, वीस मिनिटं वाहून गेल्यानंतरचं पाणी, वरच्या टाकीचं, मशीनच्या तोटीचं आणि माठातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पहिली काळी, टाकीची काळी, वीस मिनिटांनंतरची स्वच्छ, मशीनची स्वच्छ. आणि माठाची काळी.

माठात आम्ही मशीनचंच पाणी भरत होतो. उन्हाळ्यात गार लागतं म्हणून. घरातले सगळे त्यात पेला बुडवून पाणी घेत होते, मुलगी खेळून आली की तशाच हातांनी. मशीनने पाणी स्वच्छ केलं होतं आणि आम्ही ते दोन फुटांवर पुन्हा खराब करत होतो. मुलीची कावीळ नेमकी त्यातूनच आली असं मी म्हणणार नाही. पण ती काळी बाटली हातात धरून मी बराच वेळ तिथेच उभी होते.

त्या दिवशी माठाला तोटी बसवून घेतली, 60 रुपयांत. जुन्या पितळी घागरीसाठी लांब दांड्याचं ओगराळं काढलं. माठ दर तिसऱ्या दिवशी घासून उन्हात पालथा घालतो. या सगळ्या खटाटोपातली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच ठरली.

पहिल्या बाटलीचं कारण शोधायला प्लंबर बोलावला. आमची नळजोडणी जुनी, लोखंडी पाइपची, आणि तो पाइप थेट आमच्या दारासमोरच्या गटारातून गेलेला. गंजून दोन ठिकाणी भोकं पडली होती. नळ चालू असताना आतल्या दाबाने पाणी बाहेर गळतं. नळ बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सुटले की ते सगळ्यात आधी आपल्या हौदात. जोडणी आमच्या घराची, वीस वर्षांपूर्वी आम्हीच करून घेतलेली. आता काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप गटाराच्या वरून, मोठ्या नळीत घालून नेला आहे. मजुरीसकट 2,800 रुपये गेले. तुमच्याकडे रोज पाणी येत नसेल तर मशीन घेण्याआधी एकदा आपली जोडणी कुठून आली आहे ते खाली वाकून पाहा.

हौद आणि टाकी तेव्हाच उपसली. हौदाच्या तळाशी चार बोटं गाळ होता. आता दर तीन महिन्यांनी धुतो आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, 1000 लिटरला 5 ग्रॅम, आधी बादलीत कालवून वरची निवळी ओतायची, अर्धा तास थांबायचं. पावडर जुनी आणि उघडी राहिलेली असेल तर तिच्यात दम राहत नाही. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहण्याची ओटी टेस्ट करता आली तर उत्तम. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. मानकाप्रमाणे पाण्यात क्लोरीन टाकलं असेल तर लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवं. आरओच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही हे खरं, पण त्याच्या आधीचा कार्बन फिल्टर ते धरून ठेवतो. म्हणून तो कार्बन वेळेवर बदलायचा.

आता मशीनबद्दल मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते.

सप्टेंबरमध्ये धाकट्या जाऊबाईंचं बाळ चार महिन्यांचं होतं आणि त्याला वरचं दूध सुरू झालं होतं. दूध मशीनच्या पाण्यातच कालवायचं. त्याच सुमारास आम्ही बोअरचं आणि मशीनचं पाणी प्रयोगशाळेत दिलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, तिथे रासायनिक तपासणी होते. अहवाल आला. बोअरचा टीडीएस 1180, कठीणपणा 620, नायट्रेट 130, सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये टीडीएस 500 पर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतला आहे. कठीणपणाला 200 आणि 600. नायट्रेटला मात्र अशी सवलत नाही. 45 म्हणजे 45.

मशीनच्या पाण्यात नायट्रेट निघालं 49.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. पाणी उकळून काही उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. जाऊबाई रोज पाणी वीस मिनिटं उकळून बाळाला दूध देत होत्या. अहवाल वाचून दाखवला तेव्हा त्या बाळाला मांडीवर घेऊन नुसत्या रडल्या. बाळाला काही झालं नव्हतं, आज ते छान रांगतंय, पण ती संध्याकाळ आमच्या घरात कोणी विसरणार नाही.

मग आरओ असून नायट्रेट का? टीडीएस कंट्रोलर. मशीनच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो उघडला की थोडं पाणी आरओच्या पडद्याला वळसा घालून थेट शुद्ध पाण्यात मिसळतं. पाण्याला चव यावी, क्षार अगदीच जाऊ नयेत म्हणून. मशीन बसवायला आलेल्या माणसाने तो बराच उघडा ठेवला होता, तोटीच्या पाण्याचा टीडीएस 400 च्या आसपास दिसत होता. आम्हाला तो 500 च्या आत आहे म्हणून बरं वाटत होतं. पण वळसा घालून आलेलं पाणी बोअरचंच, त्याच्याबरोबर नायट्रेटही आलं. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, विरघळलेल्या नायट्रेटला तो काही करत नाही. आणि टीडीएसचा तो 200 रुपयांचा मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो, त्यात नायट्रेट किती, जंतू किती, काहीच सांगत नाही. काळ्या बाटलीतल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस 260 होता.

स्क्रू पूर्ण बंद करून घेतला. पुन्हा तपासणी केली, नायट्रेट 15, टीडीएस 75. चव थोडी फिकी लागते, सवय झाली. तुमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असेल तर हा स्क्रू बंद आहे का ते आजच पाहा. बोअरपासून आमचा शोषखड्डा तीस फुटांवर आहे, नायट्रेटचं एक कारण ते असावं असा आमचा अंदाज आहे. या दिवाळीनंतर तो हलवायचा आहे, पैसे जमवतोय.

आता खर्चाचं आणि वाया जाणाऱ्या पाण्याचं. मशीनच्या आधी गाळ अडवणारी बाहेरची कँडल बोअरच्या पाण्यात दोन महिन्यांत चॉकलेटी होते, दर वेळी 250 रुपये. आरओचा पडदा कठीण पाण्यामुळे अकराव्या महिन्यात बदलावा लागला, 2,200 रुपये. वर्षाच्या देखभालीचा करार 3,500 रुपयांचा होता आणि त्यात पडदा नव्हता, हे बारीक अक्षरात लिहिलेलं. आधी वाचून घ्या.

बादल्या लावून मोजलं, 10 लिटर शुद्ध पाण्यामागे 26 लिटर बाहेर पडतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी लग्न होऊन नुकतीच या घरात आले होते. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, 5 लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आम्ही भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं संडासाला वापरलं. त्या घरात 26 लिटर मोरीत सोडताना जीव तुटतो. म्हणून नळी थेट पिंपात सोडली आहे. ते पाणी फरशीला, संडासाला, भांड्यांच्या पहिल्या धुण्याला जातं. झाडांना घालू नका. त्याचा टीडीएस 1600 भरतो. आमच्या तुळशीची आणि कढीपत्त्याची पानं कडेने करपली तेव्हा लक्षात आलं. पिंपाला घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा ते कोरडं करायला हवं. साठवलेल्या पाण्यात डेंगीचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आम्ही रविवार ठरवला आहे, पिंप, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळं एकाच दिवशी.

मग मशीन घ्यावं का? पिण्यासाठी बोअरशिवाय पर्याय नसेल आणि तपासणीत क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आलं असेल तर आरओ घ्यावंच, आम्ही पुन्हा घेऊ. नुसतं नळाचं पाणी असेल आणि टीडीएस 260 सारखा असेल तर आरओची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही मे 2019 मध्ये 500 च्या खाली टीडीएस असलेल्या पाण्याला आरओ नको असंच म्हटलं होतं. अशा पाण्याला गाळणं, उकळणं किंवा साधं यूव्ही पुरतं. आम्ही आता नळाचं पाणी वेगळ्या छोट्या टाकीत घेतो, पहिली वीस मिनिटं सांडपाण्याच्या पिंपात सोडून. ते असेपर्यंत उकळून तेच पितो, मशीन बंद. ते संपलं की बोअर आणि मशीन. पावसाळा-हिवाळ्यात मशीन महिन्यातून जेमतेम दहा दिवस चालतं, कँडल आता चार महिने टिकते. बरेच दिवस बंद असलेलं मशीन सुरू करताना आतल्या टाकीतलं जुनं पाणी दोनदा काढून टाकायचं.

देखभालीचा करार या वर्षी केला नाही. त्या पैशांत जूनच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर अशा दोन तपासण्या करून घेणार आहोत, शेजारच्या दोन घरांचं पाणीही आमच्याबरोबरच देणार आहोत. बाटल्यांवर नावं लिहून तयार आहेत.