दृश्यम (हिंदी, २०१५) परत बघितला, सगळं श्रेय लेखनालाच

आधीच सांगतो, खाली शेवटासकट सगळं लिहिलंय, त्यामुळे अजून बघितला नसेल तर आधी बघून या. स्टोरी कळल्यावर पहिल्यांदा बघण्यातली मजा परत मिळत नाही. थोडक्यात गोष्ट अशी: गोव्यात केबलचा धंदा करणाऱ्या विजय साळगावकरच्या (अजय देवगण) मुलीच्या हातून पोलिस अधिकारी मीरा देशमुखचा (तब्बू) मुलगा मारला जातो, आणि विजय ते लपवून घर वाचवतो.

परवा टीव्हीवर लागला म्हणून परत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला आणि खूप दिवस मनात होतं ते लिहूनच टाकतो. अजय देवगण चांगला आहे, तब्बू तर जबरदस्तच आहे, कमलेश सावंतने उभा केलेला पोलिसवाला गायतोंडे बघून अजूनही चीड येते, पण हा पिक्चर चालतो तो कागदावर जे लिहिलंय त्याच्या जोरावर. आणि हे मी उगाच म्हणत नाही. मूळ पटकथा जीतू जोसेफची, मल्याळममध्ये २०१३ च्या डिसेंबरात मोहनलालला घेऊन त्याने स्वतःच केली. मग ती कन्नडमध्ये गेली, तेलुगूत गेली, तमिळमध्ये कमल हासनने केली, हिंदीत आली, श्रीलंकेत सिंहलीमध्ये झाली आणि २०१९ ला चक्क चिनी भाषेतसुद्धा आली. स्टार बदलले, दिग्दर्शक बदलले, गावं बदलली, देव बदलले, आणि तरीही तो बाप प्रेक्षकाला खिळवून ठेवतो. मग काय टिकलं यात? लेखन टिकलं.

खूप लोकांची तक्रार असते की पिक्चरचा सुरुवातीचा भाग स्लो आहे, नुसता घरातला गोंधळ, नवरा-बायकोची चेष्टामस्करी, केबलचं ऑफिस, हॉटेलातल्या गप्पा. मला तर तोच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण पुढे जे काही होतं ते सगळं तिथे आधीच पेरून ठेवलंय आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. विजय साळगावकर चौथी नापास, अनाथ, रात्र रात्र ऑफिसात बसून पिक्चर बघणारा. बायको त्यावरून कुरकुर करते, आपण हसतो, आणि मग नेमका त्याच सवयीमुळे तो मुलगा मरतो त्या रात्री विजय घरी नसतो. गावातल्या लोकांना तो पिक्चरमध्ये बघितलेला कायदा सांगून सल्ले देतो, तेव्हा वाटतं हा नुसता विनोदी स्वभाव दाखवलाय, पण पुढे तोच माणूस पोलिस कसा विचार करतील हे घरच्यांना समजावून सांगतो तेव्हा आपल्याला एका क्षणासाठीही वाटत नाही की याला हे कुठून आलं. गायतोंडेशी त्याचं वाकडं आहे ते पहिल्यापासून आहे, त्यामुळे पिवळ्या गाडीत विजयला बघितलं असं गायतोंडे सांगतो तेव्हा जुना राग काढतोय असं लोकांना वाटू शकतं. आणि ते नवीन पोलिस स्टेशन, ते तर सुरुवातीपासून आपल्या डोळ्यासमोर बांधलं जातंय, विजय रोज समोरच्या मार्टिनच्या हॉटेलात बसून चहा पितोय. शेवटी प्रेत त्याच स्टेशनच्या जमिनीखाली आहे हे कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण लेखकाने आपल्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं, आपणच बघत नव्हतो.

दोन-तीन ऑक्टोबरचा खेळ तर शिकवण्यासारखा आहे. मुलगा मरतो ती रात्र दोन ऑक्टोबरची, म्हणून तेव्हा आपण पणजीला सत्संगाला गेलो होतो, पावभाजी खाल्ली, असं विजय सांगतो. कुटुंब पणजीला खरंच जातं, पण चार-पाच तारखेला. मग विजय त्याच लोकांना परत भेटून बोलता बोलता दोन आणि तीन तारीख त्यांच्या डोक्यात बसवतो. कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला, कोणीच खोटं बोलत नाही, सगळे मनापासून खरं सांगतायत, फक्त तारीख चुकीची आहे. साक्षीदाराला पैसे चारणे किंवा धमकी देणे हे शंभर पिक्चरमध्ये येऊन गेलंय, पण माणसाला चेहरा आणि प्रसंग लक्षात राहतो आणि तारीख राहत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर अख्खा पिक्चर उभा करायचा ही खरी लेखकाची ताकद. आता दर दोन ऑक्टोबरला सत्संग आणि पावभाजीचे मीम्स फिरतात, पटकथेतली एक तारीख लोकांच्या कॅलेंडरमध्ये जाऊन बसली, हे कितींच्या नशिबी येतं?

दुसरी गोष्ट म्हणजे मीरा देशमुख. साध्या लेखकाने तिला नुसती दुष्ट पोलिस केली असती. इथे ती प्रत्येक अंदाज बरोबर बांधते, तारखांची गोम तिच्याच लक्षात येते, तिचा मुलगा खरंच गेलाय, आणि तरी आपल्याला मनातून वाटत असतं की ही हरली पाहिजे. पण तिचं दुःखही तितकंच खरं वाटतं. विजयच्या धाकट्या मुलीला, अनूला गायतोंडे मारतो तो सीन बघवत नाही, आणि मीरा ते होऊ देते, तिथे तिच्यातली आई आणि अधिकारी दोघी एकदमच हरतात. मीरा आणि तिचा नवरा शेवटी विजयसमोर येतात तेव्हा ते फक्त आईबाप असतात. मला वाटतं कोणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला इतकं अवघड करून ठेवणं हे सगळ्यात कठीण लेखन आहे.

इथे आपल्या माणसांचं नाव घेतलंच पाहिजे. हिंदीसाठी हे सगळं गोव्यात आणलं ते उपेंद्र सिधयेने, आणि दिग्दर्शन निशिकांत कामतचं, ज्याने २००५ ला ‘डोंबिवली फास्ट’ केला होता. केरळमधल्या ख्रिश्चन कुटुंबाची गोष्ट साळगावकरांच्या घरात आणताना नुसती नावं बदलून चालत नाही. चर्चच्या ध्यानशिबिराच्या जागी स्वामींचा सत्संग आला, आणि तो इतका सहज बसलाय की हा रिमेक आहे हे माहीत नसलेल्याला शंकाही येणार नाही. कामत २०२० ला गेले, फार लवकर गेले.

सगळंच परफेक्ट आहे असं नाही. विजयच्या बायकोला, नंदिनीला लेखकाने घाबरण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही, श्रिया सरन करणार तरी काय. गायतोंडेला एखादी तरी माणसासारखी बाजू द्यायला हवी होती. गाणी मध्ये येतात तेव्हा लय तुटते.

आणि दुसरा भाग, २०२२ चा. गर्दी खूप झाली, मीही थिएटरला जाऊन बघितला, अक्षय खन्ना आवडला, पण लेखनाच्या बाबतीत मी थोडा नाराजच आहे. सात वर्षांनी त्या मुलाचा सांगाडा सापडतो आणि मग कळतं की तपासणी होण्याआधीच विजयने तो बदलला, त्यासाठी वर्षानुवर्षं तयारी केलेली होती, आणि हे सगळं आपल्याला सौरभ शुक्लाने केलेला पटकथा लेखक शेवटी बसून सांगतो. पहिल्या भागात बरीचशी मेहनत आपण विजयबरोबर केली, भीतीही त्याच्याबरोबर अनुभवली. दुसऱ्यात मेहनत पडद्याआड झाली आणि आपल्याला फक्त निकाल मिळाला. धक्का बसतो, टाळ्या पडतात, पण घरी येऊन विचार केला की किती गोष्टी नेमक्या जुळून याव्या लागल्या ते टोचायला लागतं. चिनी रिमेकमध्ये तर पहिल्याच गोष्टीचा शेवट बदलून बाप गुन्हा कबूल करतो, तेही मला पटलं नाही, कारण घर वाचवायचं म्हणून ज्याने एवढं केलं त्याची गोष्ट मग वेगळीच होऊन बसते.

हे सगळं लिहिताना आपल्या मराठी मालिकांची आठवण येते, तिथे हुशार लेखक नाहीत असं अजिबात नाही. पण आठवड्याला सहा एपिसोड, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि टीआरपी पडला की ट्रॅक फिरवायचा. कालपर्यंत शहाणी असलेली सून आज कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवते, कारण गोष्ट पुढे ढकलायची असते. अशा घाईत आज पेरलेलं शंभर एपिसोडनंतर उगवेल असं लिहायला लेखकाला वेळच कुठे देतात? खरंच वाईट वाटतं, कारण नट चांगले असतात, सेट चांगले असतात, आणि बघणारी माणसं मन लावून बघत असतात.

बघायचाच असेल तर शक्यतो मल्याळम आधी बघा, सबटायटल लावून, मग हिंदी. आणि पहिल्यांदा बघणाऱ्याच्या शेजारी बसलात तर सुरुवातीच्या हॉटेलच्या सीन्समध्ये फोन बघू देऊ नका त्याला. माझ्याकडून पहिल्या भागाला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला तीन.