टायटन्स बघावा की जंक्शन?

कडक कोच, घरापासून लांब नेलेली पोरं, तापलेलं मैदान आणि पाणी मागायची सोय नाही. अमेरिकन फुटबॉलच्या सराव शिबिरावरचे दोन सिनेमे इथपर्यंत सारखेच आहेत: 2000 सालचा 'रिमेंबर द टायटन्स' आणि 2002 साली ईएसपीएनने टीव्हीसाठी काढलेला 'द जंक्शन बॉइज'. पहिला बहुतेकांनी निदान तुकड्यातुकड्यांत पाहिलेला असतो. दुसऱ्याचं नावही फारसं कुणी काढत नाही. शनिवारी रात्री दोन तास मोकळे आहेत आणि दोन्हींतला एकच बघायचाय, तर माझा कल जंक्शनकडे आहे. का, ते सांगतो. पटलं नाही तरी हरकत नाही.

टायटन्सबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते भरपूर आहे. डेन्झेल वॉशिंग्टन पडद्यावर आला की दुसरीकडे बघवत नाही. 1971 साली व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात शाळा एकत्र झाल्या आणि काळ्या-गोऱ्या पोरांना एका संघात खेळावं लागलं, ही गोष्ट मुळातच दमदार आहे. वॉशिंग्टनने साकारलेला कोच हर्मन बून पोरांना पहाटे उठवून गेटिसबर्गच्या युद्धभूमीपर्यंत पळवतो, तो प्रसंग मला अजूनही आवडतो. शिवाय इथल्या कडकपणाला कारण आहे. एकमेकांचं तोंड न बघणारी पोरं त्याला एका खोलीत राहायला लावायची आहेत.

जंक्शनमध्ये असं सोयीचं कारण सापडत नाही. कोच पॉल 'बेअर' ब्रायंट 1954 साली केंटकी विद्यापीठ सोडून टेक्सास ए अँड एम विद्यापीठात आला आणि हंगामाच्या तोंडावर पोरांना बसमध्ये घालून जंक्शन नावाच्या आडगावी घेऊन गेला. त्या वर्षांत टेक्सासात भीषण दुष्काळ होता. पारा 38 अंशांच्या वर, मैदानावर गवत कमी आणि दगड-काटे जास्त. दहा दिवसांचं शिबिर. हेतू उघड होता: ज्यांना सोडून जायचंय त्यांनी आत्ताच जावं. किती गेले आणि किती टिकले, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण टिकलेले 35च्या आसपास होते असं साधारण मानलं जातं. असल्या माणसावर प्रेम करा, असं कुठलाही सिनेमा सहजासहजी सांगू शकत नाही. हा फार तसा प्रयत्नही करत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निकाल लावला ती. गाणी. गाण्यांचा राग आपल्याला येऊच नये खरं तर. आपण तर गाण्यांवरच वाढलो. पण टायटन्समध्ये जरा कुठे काही बोचायला लागलं की साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं गाजलेलं गाणं येतं, पोरं कपडे बदलायच्या खोलीत नाचतात, आणि मगाशी काय झालं ते आपण विसरतो. जखम दिसायच्या आत वर हळद दाबावी तसं. पहिल्यांदा बघताना मजा आली. नंतर मात्र प्रत्येक कठीण प्रसंगात माझं लक्ष पडद्यावर कमी आणि 'आता कुठलं गाणं?' याकडे जास्त. एकदा ते खटकलं की खटकतच राहतं.

सगळ्यात जास्त ते पाण्याच्या प्रसंगात जाणवतं. बून पोरांना पाणी देत नाही, पाणी भित्र्यांसाठी असतं असं सुनावतो, आणि दमलोय म्हणणाऱ्याला आणखी उठाबशा काढायला लावतो. दुसरा कोच, योस्ट, मध्ये पडतो आणि विषय मिटतो. कुणाच्या जिवावर बेतत नाही. बघणाऱ्या दहावीतल्या पोराच्या मनात उरतं ते कोचचं खणखणीत वाक्य.

जंक्शनमध्येही पाणी नाही. त्या काळी तशी पद्धतच होती. पाणी मागणं म्हणजे दुबळेपणा असं मानणारा ब्रायंट काही एकटा नव्हता. पण इथे त्याची किंमत दिसते. त्या शिबिरात एक खेळाडू खरोखरच उष्माघाताने कोसळला आणि थोडक्यात वाचला. सिनेमा ते टाळत नाही. सुटकेचा श्वास सोडायला मध्ये गाणंही येत नाही.

दुसरा फरक निकालाचा. टायटन्सचा शेवटचा सामना सिनेमात अगदी अटीतटीचा आहे. प्रत्यक्षात त्या वर्षीची राज्य स्पर्धेची अंतिम लढत त्यांनी 27-0 अशी एकतर्फी मारली. टायटन्सचा कर्णधार गेरी बर्टियर याचा अपघातही सगळा हंगाम संपल्यावर झाला होता, सिनेमात दाखवलाय तसा आधी नाही. सिनेमावाल्यांना एवढी मोकळीक मी देतो. पण एकूण हिशोब 'घाम गाळला, चषक मिळाला' असाच राहतो. ब्रायंटच्या पोरांनी एवढं सोसलं आणि त्या हंगामात दहापैकी एकच सामना जिंकला. संघ आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे त्या भागातल्या विद्यापीठांच्या गटाचा, विजेता झाला तो 1956 साली. म्हणजे त्या छळाने संघ घडवला की नुसती माणसं घालवली, यावर भांडायला पुरेशी जागा उरते, आणि मला असे सिनेमे आवडतात.

जंक्शनचे दोष लपवत नाही. पैसे कमी होते हे फ्रेमफ्रेमला कळतं. चित्रीकरण टेक्सासऐवजी ऑस्ट्रेलियात झालंय, बरेच नटही तिकडचेच, आणि बारकाईने ऐकलं तर बोलण्यातला टेक्सास मधूनच निसटतो. बहुतेक खेळाडूंची नावं बदलल्यामुळे पुढे मोठा कोच झालेला जीन स्टॉलिंग्ज किंवा व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा जॅक पार्डी यांच्यातला कोण कुठला, हे शोधायला गेलात तर निराश व्हाल. त्यात हेल्मेट घातलं की सगळे सारखेच. ब्रायंट झालेल्या टॉम बेरेंजरबद्दल मी थोडा साशंक होतो. ब्रायंट तेव्हा चाळिशीतला होता, बेरेंजर पन्नाशी ओलांडलेला. पण त्याचं घोगरं पुटपुटणं आणि थकलेले डोळे बघून वय विसरायला होतं. सबटायटल्स मात्र चालू ठेवा.

भाच्याला मी दोन्ही दाखवले, वेगवेगळ्या सुट्ट्यांत. तो मे महिन्यात भर उन्हात सरावाला जातो, म्हणून मुद्दाम. टायटन्स संपल्यावर तो गाणं गुणगुणत झोपायला गेला. जंक्शन बघताना मध्येच म्हणाला, "मामा, रात्री बॅगा उचलून पळून गेले ते भित्रेच होते का?" त्यावर आमची बराच वेळ वादावादी झाली. माझं मत तेव्हाही ठाम नव्हतं. सोडून जाणाऱ्या पोरांची घालमेल, घरी काय तोंड दाखवायचं ही भीती, हे या सिनेमात जितकं आहे तितकं टायटन्समध्ये असायचं कारणच नाही. तिथे कोच पोरांना हाकलायला नाही, जोडायला निघालाय.

तेव्हा घरात लहान मुलं असतील, सगळ्यांनी मिळून बघायचं असेल किंवा वर्णभेदाचा विषय मुलांपुढे काढायचा असेल, तर खुशाल टायटन्स लावा. त्यात काही चूक नाही. पोरगं स्वतः कुठल्याशा कोचच्या हाताखाली घाम गाळत असेल, किंवा तुम्हीच संध्याकाळी मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहत असाल, तर थोडी शोधाशोध करून जंक्शन मिळवा. मारहाण आणि शिव्या आहेत, तेवढं आधी बघून घ्या.