आंबोलीच्या पावसातली प्रेमकथा : दोन दुपारींचे वाचन

दिवाळीच्या सुट्टीत खानापूरला ताईकडे गेलो असता तिच्या कपाटात सापडलेली ही कादंबरी मी दोन दुपारींत वाचून संपवली. पावसामुळे आंबोलीत अडकलेली पुण्याची एक आर्किटेक्ट आणि तेथे खानावळ चालवणारा तरुण यांची ही गोष्ट. शेवट काय होणार हे दहाव्या पानावरच कळते, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. भांडणाचा प्रसंग तर झकास उतरला आहे : ती रागाने छत्री उघडते, वाऱ्याने छत्री उलटी होते, आणि तो हसू दाबत सोलकढीची वाटी पुढे सरकवतो. मात्र लेखिकेने नायिकेला बेळगावहून आंबोलीला अर्ध्या तासात पोहोचवले आहे. ६५ ते ७० किलोमीटरांचा तो रस्ता पावसाळी धुक्यात दोन तास सहज खातो, त्यामुळे इकडच्या वाचकाला हे खटकल्यावाचून राहत नाही. आमच्या बेळगावचा उल्लेख केवळ कुंदा या मिठाईपुरता आहे, हेही जरा लागलेच. कादंबरीच्या शेवटी येणारी पत्रे नुसती वरवर चाळली तरी चालतील. कादंबरी कोणाकडून मागून जरूर वाचावी; विकत घेण्याइतकी मात्र ती मला वाटली नाही.