सहा सिलिंडरच्या जुन्या शेव्हर्लेला पॉवर स्टिअरिंग: बेल्टवरचा पंप की कॉलममधली मोटर?

आमच्या ओहायोतल्या गावात गणपतीच्या मखराचं सामान दरवर्षी माझ्या ट्रकमधून जातं. शाळेच्या मागच्या दारापाशी दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि मधल्या अरुंद जागेतून लांब हौद्याचा ट्रक तिरपा मागे घ्यावा लागतो. पाच वर्षांपूर्वी तसं करतानाच माझा उजवा खांदा धरला. पुढचे तीन महिने हात डोक्याच्या वर जाईना. ट्रक विकायचा नव्हता आणि चालवणं सोडायचं नव्हतं, तेव्हा पॉवर स्टिअरिंग बसवणं भागच होतं.

ट्रक 1969चा शेव्हर्ले सी-10 आहे. 250 क्युबिक इंचाचं, एका रांगेत सहा सिलिंडरांचं इंजिन, एका तोंडाचा कार्ब्युरेटर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे कॉलमवर, तीन गिअर. अशाच ट्रकच्या दोघा-तिघा मालकांनी गेल्या वर्षभरात मला हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन मार्गांपैकी एक मी स्वतः घेतला. दुसरा मित्राच्या 1971च्या ट्रकवर आहे. माझं काम चालू असताना तो ट्रक तीन आठवडे माझ्याकडे होता. मोजमापं मी घेतलेली नाहीत, हाताला जे कळलं तेच सांगतो.

खर्च करण्याआधी एक गोष्ट जरूर करा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. चाकं हवेत असतानाही जड लागलं, तर दोष पॉवर नसण्याचा नाही. चाकांचे सांधे (बॉल जॉइंट) सुकलेत, बॉक्स (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारी गिअरची पेटी) कोरडा पडलाय किंवा कुणीतरी प्ले, म्हणजे सैलपणा, घालवण्याच्या नादात बॉक्सचा स्क्रू जास्त आवळलाय. माझ्याकडे यातल्या दोन गोष्टी निघाल्या. ग्रीस भरलं, स्क्रू सैल केला, टायरची हवा नीट केली आणि एक तृतीयांश तरी त्रास तिथेच गेला असं वाटलं. शिवाय आपलं सहा सिलिंडरचं इंजिन व्ही-8 पेक्षा हलकं आहे, त्यामुळे पुढच्या चाकांवर मुळातच वजन कमी पडतं. ज्यांचे टायर अरुंद आहेत आणि खांदा धड आहे, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. असे लोक मी पाहिलेत आणि ते समाधानी आहेत. माझे टायर रुंद रेडियल आहेत. ते बदलायची तयारी नव्हती, म्हणून मी पुढे गेलो.

आता पहिला मार्ग: कारखान्यातून जसं येत होतं तसं. इंजिनच्या बेल्टवर चालणारा तेलाचा पंप आणि फ्रेमवर सॅगिनॉ या जनरल मोटर्सच्या विभागाचा पॉवर बॉक्स. पॉवर स्टिअरिंगची ही कल्पना ट्रकच्याच कामातून पुढे आली आहे. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करणारा अभियंता. त्याने 1920च्या दशकात ती बनवून दाखवली, पण विकत मिळणाऱ्या मोटारीत ती यायला 1951ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली.

1967 ते 1972 या पिढीच्या सी-10वर हा बॉक्स बसवताना फ्रेमची फारशी तोडफोड करावी लागत नाही. बॉक्स काढलाच आहे तर त्याच्या भोवतीची फ्रेम घासून स्वच्छ करा आणि भेगा आहेत का ते पाहा. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येऊन चाकांच्या सळया हलवणारा लोखंडी हात) बॉक्सबरोबरचाच घ्या, जुना बसणार नाही. पॉवर बॉक्स लांब असतो, त्यामुळे स्टिअरिंगचा शाफ्ट खालून आखूड करावा लागतो. तो कापून पुन्हा वेल्ड करू नका. योग्य मापाचा जॉइंट विकत मिळतो, तोच वापरा. होज घेताना बॉक्स कोणत्या सालचा आहे ते विचारा. जुन्या बॉक्सना इंची फ्लेअर फिटिंग असतं, नंतरच्यांना मेट्रिक ओ-रिंगचं. दोन्ही जवळपास सारखी दिसतात आणि जबरदस्तीने आवळली की आटे जातात.

इथपर्यंत सगळं सोपं. अवघड जातं ते पंपाचं ब्रॅकेट मिळवणं. या पिढीच्या ट्रकसाठी व्ही-8चं ब्रॅकेट हवं म्हणालात तर संध्याकाळपर्यंत दारात येईल. सहा सिलिंडरचं हवं म्हणालात की समोरचा माणूस दोनदा विचारतो. साध्या इंजिनचा ट्रक घेणारे लोक पॉवर स्टिअरिंगचे जादा पैसे देत नव्हते, त्यामुळे मुळात असे ट्रक थोडे आणि त्यातले भंगारात उरलेले आणखी थोडे. मला सात महिने लागले. शेवटी एक पंप, ब्रॅकेट आणि पुढची जादा पुली असा अख्खा संच एकाच ट्रकवरून काढलेला मिळाला. तुम्हीही असाच संच शोधा. ब्रॅकेट एकाचं, पुली दुसऱ्याची असं केलं की बेल्ट एका रेषेत येत नाही आणि महिन्याभरात कडेने झिजतो. आणि क्रँकवरच्या बॅलन्सरला (हादरे शोषणाऱ्या जड चकतीला) विनाकारण हात लावू नका. या इंजिनांच्या पुष्कळ क्रँकना पुढून बोल्टचं भोकच नसतं, बॅलन्सर नुसता दाबून बसवलेला असतो. तो काढायचाच झाला तर पुलर लावून, हातोड्याने नाही.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर इंजिन दोनदा बंद पडलं. कारण समजायला सोपं आहे. चाक पूर्ण वळवलं की पंप सगळ्यात जास्त ताकद मागतो आणि नेमकं तेव्हा इंजिन सर्वांत हळू चालत असतं. नव्या गाडीत संगणक हे ओळखून रेस वाढवतो, आपल्या कार्ब्युरेटरला ते कोण सांगणार? आयडलिंग थोडं वाढवलं, बेल्ट नीट ताणला आणि चाक टोकाला नेऊन तिथेच दाबून धरायची सवय सोडली. आता बंद पडत नाही. पण पार्किंगमध्ये इंजिनचा आवाज एकदा खाली बसतो आणि वर येतो, ते कायमचं आहे. तेलाचा थेंबही अधूनमधून गॅरेजच्या फरशीवर दिसतो.

दुसरा मार्ग: स्टिअरिंगच्या कॉलममध्ये विजेची मोटर. पहिल्या पिढीच्या सॅटर्न व्ह्यूसारख्या गाडीचा कॉलम भंगारातून आणतात, त्यातला मोटरचा भाग आपल्या कॉलममध्ये बसवतात आणि एक छोटा कंट्रोलर लावतात. तयार किटही मिळतात. मित्राने हेच केलं. डॅशखाली एक बटण आहे, ते फिरवलं की स्टिअरिंग हवं तितकं हलकं होतं.

खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला माझ्या सात महिन्यांचं वाईट वाटलं. होज नाही, तेल नाही, ब्रॅकेट शोधणं नाही. इंजिनवर बेल्टचा भार नाही, त्यामुळे आयडलिंग जसंच्या तसं. बोनेट उघडलं तर काही बदललंय असं दिसतही नाही. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मी तो ट्रक एका हाताने वळवला. आणखी एक मोठी बाजू म्हणजे मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग पहिल्यासारखंच राहतं. माझ्या ट्रकचा बेल्ट तुटला तर ते मूळच्या मॅन्युअलपेक्षाही जड होईल, कारण हाताने तेलही ढकलावं लागेल.

तीन आठवड्यांत दोन गोष्टी मात्र जाणवल्या. एक, विजेची भूक. या ट्रकना मूळचा अल्टरनेटर 37 अँपिअरचा असायचा आणि ही मोटर जागेवर चाक वळवताना क्षणभर त्याहून जास्त ओढू शकते. मित्राने नंतरच्या सालचा मोठा अल्टरनेटर बसवला, बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा फ्यूज टाकला. हे धरलं नाही तर खर्चाचा हिशेब चुकेल. दुसरी गोष्ट अशी की मोटर कॉलममध्ये मदत करते, पण खालचा बॉक्स जुनाच राहतो. मॅन्युअल (पॉवर नसलेल्या) बॉक्सचं प्रमाण सुमारे 24:1 आहे, म्हणजे स्टिअरिंगचे 24 फेरे तर बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचा एक. पॉवर बॉक्सचं सुमारे 17:1. म्हणजे मित्राच्या ट्रकला वळण घेताना जोर लागत नाही, पण फेरे तेवढेच. चौकात डावीकडे वळून पुन्हा सरळ होईपर्यंत हात सारखे फिरत असतात. माझ्या ट्रकला हेच वळण कमी हातात होतं. तेलाच्या बॉक्सबरोबर मी अलाइनमेंटमध्ये कॅस्टरही (पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवून घेतला. मॅन्युअलला तो हलकेपणासाठी मुद्दाम कमी ठेवलेला असतो. आता वळणानंतर चाक आपलं आपण सरळ येतं आणि हायवेवर ट्रक भरकटत नाही. विजेच्या मोटरबरोबरही कॅस्टर वाढवता येतो, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. मित्राने अजून केलेलं नाही.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर दोन्ही मार्ग साधारण एका रेषेत येतात. माझा निर्णय झाला तो तिसऱ्याच गोष्टीवर, आणि ती कोणत्या किटच्या जाहिरातीत मला दिसली नव्हती.

मित्राच्या ट्रकला चार गिअरचा दांडा खाली, फरशीतून येतो. माझे तीन गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहेत. हा फरक किती मोठा आहे ते मला कळलं माझा कॉलम बाहेर काढून टेबलावर ठेवला तेव्हा. मधे स्टिअरिंगचा शाफ्ट. त्याच्या भोवती एक नळी, ती गिअरची. गिअरचा दांडा हलवला की ही नळी फिरते. तिच्या भोवती बाहेरचं आवरण. नळीचं खालचं टोक फायरवॉलच्या (केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्याच्या) पलीकडे, इंजिनच्या बाजूला जातं आणि तिथे दोन छोटे लिव्हर आहेत, एक पहिला आणि रिव्हर्ससाठी, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्यासाठी. त्यांच्यापासून दोन सळया गिअरबॉक्सकडे जातात. मी टेबलावर दांडा आपल्याकडे ओढून खाली दाबला, आणि दुसऱ्या टोकाला जुन्या काळ्या ग्रीसमध्ये एक लिव्हर बोटभर सरकला. पन्नास वर्षांहून अधिक काळ हेच चाललेलं होतं.

विजेची मोटर बसवायला या कॉलमचा मधला भाग कापून काढावा लागतो. आवरण तर जातंच, त्याबरोबर गिअरची नळीही जाते. म्हणजे स्टिअरिंग हलकं करायचं तर गिअर खाली फरशीवर आणायचा, त्यासाठी बोगद्याला (फरशीच्या मधल्या उंचवट्याला) भोक पाडायचं, वेगळा शिफ्टर आणायचा, कार्पेट कापायचं. कुशल माणूस मोटर कॉलमच्या खाली, नळी जिथे संपते त्याच्या पुढे बसवू शकेल, पण तिथे पाणी, चिखल आणि इंजिनची धग. मला तो धोका घ्यावासा वाटला नाही.

आमच्या ट्रकला एकच सलग सीट आहे. मधे मुलगी बसते, पलीकडे तिची आई. मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिथेच बसते आणि तिच्या पायांत कधी दांडा आलेला नाही. सिग्नलला पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा वर आणि पुढे ढकलायची ती जी हालचाल आहे, तिच्यासाठी तर मी हा ट्रक घेतला होता. बुश झिजले की ते दोन लिव्हर एकमेकांत अडकतात, तेव्हा बोनेट उघडून हाताने सरळ करावे लागतात. तेही मला येतं, आणि मी ते आनंदाने करतो.

तेव्हा तुमचा गिअर आधीच फरशीवर असेल, किंवा ऑटोमॅटिक करायचं मनात असेल, तर विजेच्या मोटरला माझी हरकत नाही. उलट ब्रॅकेटच्या शोधात वर्ष घालवण्यापेक्षा ती बरी, असंही कदाचित म्हणेन. फक्त अल्टरनेटरचे पैसे आधीच बाजूला ठेवा आणि डाव्या पायाला क्लचपाशी जागा पुरते का ते किट घेण्याआधी बसून पाहा. मित्राचे हिवाळ्यातले बूट मोटरच्या आवरणाला घासतात. विजेचा वेगळा पंप लावून तेलाचा बॉक्स चालवायचा तिसरा प्रकारही आहे. त्यात ब्रॅकेटचा प्रश्न सुटतो, पण होजही येतात आणि विजेची भूकही.

पण दांड्यावर तीन गिअर असतील आणि ते ठेवायचे असतील, तर बेल्टवरचा पंपच घ्या असं मी म्हणेन. ब्रॅकेटचा शोध आजच सुरू करा आणि बॉक्स नंतर आणा, कारण बॉक्स केव्हाही मिळतो. यंदा शाळेच्या मागच्या दारी ट्रक मुलीच्या आईने मागे घेतला. मखर उतरवून होईपर्यंत इंजिन चालूच होतं, आणि मी हौद्यात उभा राहून फळ्या खाली देत होतो, दोन्ही हातांनी.